अप्पांची धोतरं

हुलसूरला आमच्या शेजारी राहणारे अप्पा कुणाकडं काही मागत नाहीत. आपण भाजी दिली तरी "घरात हाय की" म्हणून वाटी परत करतात. बोलतात ते परसातल्या जास्वंदीशी, तेही रागावल्यासारखं.

एका सकाळी ते ओली धोतरं खांद्यावर घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

"तुमच्या तारंवर वाळू घालू का?"

"कामून? तुमच्या तारंला काय झालं?"

"जास्वंदीवर मध प्यायला येतंय न्हाई का, ते निळं पाखरू? माझ्या तारंला घरटं टांगायलंय. धोतर हाललं की भितंय."

पिल्लं कधीच उडून गेली. घरटंही वाऱ्यानं पडलं. अप्पा मात्र अजून धोतरं घेऊन माझ्याकडंच येतात, आणि मीही आता कामून म्हणून विचारत नाही.