‘येतो’ म्हणणारे फादर

आमच्या फादरना मराठी मी शिकवलं, हे मी फारसं कोणाला सांगत नाही. ज्यांनी त्यांचं मराठी ऐकलंय त्यांना माझ्या नोकरीबद्दल शंका येते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मीरा रोडला इमारती उभ्या राहिल्या होत्या, पण नळाला पाणी नव्हतं आणि चर्चला इमारत नव्हती. मी ज्या शाळेत मराठी शिकवायचे, तिच्याच हॉलमध्ये रविवारची मिस्सा, म्हणजे उपासना, व्हायची. फादर तिशीतले, बांद्र्यात वाढलेले, घरी इंग्रजी, रस्त्यावर मुंबईची हिंदी. आणि मराठी मिस्सेला येणारी मंडळी उत्तन, भाईंदर, वसईकडची. एके दिवशी ते स्टाफरूमच्या दारात उभे राहिले.

“टीचर, मला मराठी पाहिजे.”

“किती?” मी विचारलं.

“संडेपुरती.”

मी ख्रिस्ती नाही. आम्ही रत्नागिरीचे, लालबागमार्गे इथे आलेलो. पण संडेपुरतं मराठी द्यायला धर्म आड यायचं कारण नव्हतं. मधल्या सुट्टीत शिकवणी सुरू झाली. फादर कष्टाळू होते, पण शब्दांतली अक्षरं त्यांच्या तोंडात जागा बदलायची. पहिल्याच प्रवचनात त्यांनी हात पसरून सांगितलं, “देव आपल्याला रोज चावतो.” म्हणायचं होतं, वाचवतो. मागच्या बाकावरून एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “इथं मच्छर चावतात त्ये पुरे हाय, आता देव पन?”

ही म्हातारी आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायची. मूळची उत्तनकडची, मुलगा जहाजावर, घरात ती आणि सून. सगळी बिल्डिंग तिला आजी म्हणायची, आणि ती सगळ्या बिल्डिंगला ‘तू’ म्हणायची, फादरनासुद्धा. पुढच्याच पावसाळ्यात ती मोरीत पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती खाटेला खिळली. मग दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर तिला कम्युनियनचा प्रसाद द्यायला घरी येऊ लागले. म्हणजे एकदाच आले. दुसऱ्या महिन्यात आजीने दार उघडू दिलं नाही.

फादर जिना चढून माझ्याकडे आले. चेहरा नापास झालेल्या पोरासारखा.

“टीचर, आजी रागावली. मी काय केलं?”

मी खाली गेले. सून ओट्याशी उभी होती, तिने नुसतं आत बोट दाखवलं.

“त्यो जातो म्हनला,” आजी म्हणाली. “माझ्या खाटंपाशी हुबं राहून. ‘आजी, मी जातो.’ मी अजून मरत न्हाय, तर ह्योच जायला निघाला!”

वर येऊन मी फादरना बसवलं आणि शिकवायचा राहिलेला धडा शिकवला. घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही. ‘येतो’ म्हणायचं. आजाऱ्याच्या घरी तर नक्कीच.

“पण मी तर जातोय.”

“तरी ‘येतो’.”

“मग लोक मला रोज ‘येतो फादर’ म्हणतात, ते येत नाहीत?”

“नाही.”

मग कळलं की गेले सहा महिने लोक ‘येतो’ म्हणून गेले की हे शाळेतल्या आपल्या ऑफिसात चहा झाकून त्यांची वाट बघत बसायचे. पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या एका जोडप्यासाठी तर ते एकदा जेवायचे थांबले होते. शेजारचे गुजराती काकाही निघताना त्यांना ‘आवजो’, म्हणजे ‘या हं’, म्हणायचे. “तुम्ही लोक कोणालाच जाऊ देत नाही,” ते म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी मी स्वतः त्यांना घेऊन आजीकडे गेले. कम्युनियन झालं. दारात वळून फादर स्पष्ट म्हणाले, “आजी, मी येतो.” आजीने मान डोलावली. मला वाटलं, मिटलं. पंधरा मिनिटांनी बेल वाजली. दारात फादर.

“काय राहिलं?” सुनेने विचारलं.

“काही नाही. येतो म्हणालो होतो.”

आजी इतकी हसली की तिला उशी धरावी लागली.

मी समजावलं की हे नुसतं म्हणायचं असतं. ते म्हणाले, “टीचर, मी लोकांना खोटं बोलू नका सांगतो.” तेव्हापासून त्यांनी खिशात छोटी डायरी ठेवली. कुठे कुठे ‘येतो’ म्हणाले ते लिहायचे आणि खरोखर जायचे. बेव्हर्ली पार्कच्या इमारतींत लोक दबक्या आवाजात विचारायचे, “फादर परत येऊन गेले का? मग आता आंघोळीला जाते.” आजीची सून मात्र हुशार. ती पहिल्या चहाबरोबरच दुसऱ्याचं आधण ठेवायची.

त्या दुसऱ्या चहाला आजी बोलायची. नवऱ्याच्या मातीला कोणी परका फादर आला होता, घाईत पाच मिनिटांत उरकलं, आणि नाव चुकीचं घेतलं. “दुसऱ्याच कुनाला पाठवला सर्गात,” ती म्हणायची. “माझ्या मातीला तूच पायजेस. तुला माझं नाव ठावं हाय.” फादर म्हणायचे, “येतो, आजी,” आणि डायरीत लिहायचे. मी ते पान पाहिलंय. त्यावर तारीख नव्हती.

पाचेक वर्षांनी त्यांची बदली झाली, रायगडात आत कुठेतरी. निरोपाला ते आजीच्या खाटेशी उभे राहिले आणि त्यांना शब्द सापडेना. ‘जातो’ म्हणायची सोय नव्हती, आणि दर महिन्याला येणं शक्य नव्हतं. माझ्याकडे बघायला लागले.

आजीच म्हणाली, “तू काय बोलू नको. ये आता. लिवलंस ना डायरीत?”

दोन वर्षांनी एका गुरुवारी दुपारी आजी गेली. मी नाक्यावरच्या एसटीडी बूथवरून फादरच्या चर्चला फोन लावला. त्यांच्या स्वयंपाक्याने उचलला.

“फादरको बोलो, आजी गयी.”

“किधर गया?”

“गयी, मतलब... गयी.”

“वापस कब आयेगा?”

बूथवाला हसत होता, आणि मीटर पळत होतं. शेवटी मी सांगितलं, टीचरने बुलाया, कल सुबह दस बजे, भाईंदर, कबरस्तान. फोन ठेवताना मला अजिबात खात्री नव्हती.

सकाळी दहा वाजले. सव्वा दहा झाले. नवे फादर भले माणूस होते, पण त्यांना बाराला लग्न लावायचं होतं. ते पुस्तक उघडू लागले की सून शवपेटीवर हात ठेवून म्हणायची, “थांबा. ते येणार हायेत.”

“फोन आला का त्यांचा?”

“न्हाय. पन त्ये येतो म्हनलेले.”

साडेदहाला फाटकाशी रिक्षा थांबली. फादरचा झगा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला; पहाटेची एसटी बंद पडली होती, पुढे टेम्पोतून आले होते. नव्या फादरनी निमूट पुस्तक त्यांच्या हाती दिलं. त्यांनी आजीचं पूर्ण नाव घेतलं, बापाच्या नावासकट, मग गावात हाक मारायचे तेही. एकही अक्षर हललं नाही. प्रवचनात “देव आपल्याला” म्हणून ते थांबले, माझ्याकडे पाहिलं, आणि एकेक अक्षर पाय रोवल्यासारखं उच्चारलं. “वा-च-व-तो.” सून रडता रडता हसली.

नंतर ते माझ्याकडे चहाला आले. डायरी काढून त्यांनी ते बिनतारखेचं पान शोधलं आणि त्यावर रेघ मारली. मग उठले, चपला घातल्या.

“चला टीचर, जातो.”

“किती वर्षं शिकवलं तुम्हाला?”

“पण आता इथे कोण आजारी आहे?”

“कोणी नाही. दिवाळीला चकल्या करते मी.”

ते दारातच थांबले. खिशातून पेन काढलं.

“येतो,” म्हणाले, आणि लिहिलं.

दिवाळीला आले. दोन वेळा.