पांढऱ्या वाइनचे लाल ओठ

मी आयुष्यात वाइनचा एक थेंबही चाखलेला नाही. तरीही उज्जैनच्या निम्म्या मराठी समाजात मी ‘घेणारा’ म्हणून ओळखला जातो. (उरलेल्या निम्म्यांपर्यंत बातमी अजून पोचलेली नाही, पण मुळेकाका प्रयत्नात आहेत.)

दोष वाइनचा नाही. दोष मिठाचा आहे.

त्याचं असं झालं. मी बँकेतून निवृत्त झालो त्याच वर्षी आमच्या नलूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, माधव नगरच्या घरातल्या पुढच्या खोलीत भैरवगढ़च्या छापील कापडाचा धंदा सुरू केला. चादरी, ओढण्या, टेबलक्लॉथ. तीन वर्षं गिऱ्हाईक म्हणजे फक्त नातेवाईक. ते चादर घेऊन जात, वर चहा पिऊन जात आणि पुढच्या लग्नकार्यात तीच चादर आम्हालाच आहेर म्हणून देत! नलू हसून घ्यायची, पण चादर कपाटात परत ठेवताना तिचा चेहरा पडलेला मी पाहत होतो.

आणि एक दिवस शुक्लाजी आले. इंदूर रोडवर शहराच्या हद्दीबाहेर एक रिसॉर्ट आहे, तिथले हे मॅनेजर. तिथे वाइन महोत्सव भरणार होता. आधी वाइन चाखायची, मग प्रत्येक पदार्थाबरोबर वेगळी वाइन असं साग्रसंगीत जेवण. (हद्दीच्या आत असलं काही चालत नाही, महाकालाचं गाव आहे. काळभैरवाला मद्याचा नैवेद्य लागतो, पण तो देव आहे, त्याला कोण विचारणार?)

“भाभीजी, थीम मालवा है,” शुक्लाजी म्हणाले. “खाना मालवी, तो नैपकिन भी मालवी! डेढ़ सौ पीस, लाल छपाई. मेहमानों को पसंद आया तो पूरे रिसॉर्ट की चादरें-परदे आपसे.”

ते गेल्यावर नलूनं देवापुढे साखर ठेवली आणि मला म्हणाली, “अहो, पहिल्यांदा कुणीतरी परक्या माणसानं मागितलंय माझ्याकडे.”

भैरवगढ़च्या रफीकभाईंनी रात्रंदिवस ठसे मारून नॅपकिन तयार केले, पण घाईत शेवटची धुलाई राहिली. “भाभी, टाइम नहीं मिला. घर पे दो पानी ज़रूर निकाल देना, खड़ा नमक डाल के. नहीं तो रंग छोड़ेगा.”

नेमकं त्याच दोन दिवसांत नलूला भाचीच्या डोहाळजेवणाला देवासला जायचं होतं. निघताना तिनं मला समोर बसवलं.

“नीट ऐकून घ्या. टबात पाणी, त्यात भरपूर मीठ, नॅपकिन रात्रभर भिजवायचे. सकाळी ते पाणी काढायचं आणि परत एकदा तसंच. सावलीत वाळवायचे. समजलं?”

“अगं, चौतीस वर्षं बँक सांभाळली मी!”

“म्हणूनच दोनदा सांगतेय.”

ती गेली. मी नॅपकिन टबात बुडवले, मीठ टाकलं, टीव्हीवर मॅच लावली. दहा मिनिटांनी सहज डोकावलो. पाणी लालभडक! इतका रंग पाण्यात गेला, तर कापडावर राहणार काय? बँकेत मी जन्मभर एकच धडा शिकलो होतो, गळती दिसली की आधी ती थांबवायची. मी धडाधड सगळे नॅपकिन बाहेर काढले, दोरीवर टाकले, वाळवले, कडक इस्त्री केली. काय दिसत होते म्हणून सांगू! रंग कसा ठसठशीत! रफीकभाईंच्या कलेला मी ऐनवेळी वाचवलं, या आनंदात मी स्वतःच्या हातानं चहा करून प्यायलो.

नलू आली. हात लावून बघितले. “दोन पाणी काढलीत?”

“काढली!” (एक पाणी मी भरलं होतं आणि एक ओतलं होतं. दोनच झाली.)

महोत्सवाच्या संध्याकाळी रिसॉर्टच्या हिरवळीवर पांढरी टेबलं मांडली होती आणि प्रत्येक ताटलीत आमच्या नॅपकिनचं कमळ फुललं होतं. कोपऱ्यात नलूचा स्टॉल. माहेश्वरी साडी नेसून ती इतकी खुशीत उभी होती, की लेकीच्या लग्नातसुद्धा मी तिला असं पाहिलं नव्हतं.

वाइन समजावून सांगायला नाशिकहून केतकी नावाची मुलगी आली होती. ती म्हणाली, “आधी रंग बघा, मग वास घ्या, मग छोटा घोट घेऊन तोंडात घोळवा आणि हवं तर या भांड्यात थुंका.” मी चक्रावलो. तोंडातला घास थुंकला म्हणून लहानपणी आईनं मला सबंध अंगण झाडायला लावलं होतं, आणि इथे माणसं तिकीट काढून थुंकत होती!

तेवढ्यात एका कुंडीमागे मला ओळखीची मिशी दिसली. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष मुळेकाका! शनिवारी रामरक्षा, रविवारी व्यसनमुक्तीवर भाषण, आणि पांढरीशुभ्र झुबकेदार मिशी. मला बघून ते दचकले.

“अरे वसंता, मी नुसतं बघायला आलोय हं. जावयानं पास दिला, फालतूमध्ये वाया गेला असता.”

“मीही फक्त नॅपकिनसाठी आलोय, काका.”

“हो हो, नॅपकिनसाठी!” असं म्हणून त्यांनी डोळा मारला. मग वेटरच्या ट्रेमधून पांढऱ्या वाइनचा ग्लास उचलला, “द्राक्षाचा रसच तो,” असं स्वतःला समजावलं आणि घोट घेतला. मिशीला लागलेले थेंब त्यांनी आमच्या नॅपकिननं टिपले. आधी उजवीकडून, मग डावीकडून.

मुळेकाकांची मिशी गुलाबी झाली.

मला वाटलं चष्म्यावर डाग पडलाय. चष्मा पुसून पाहिलं, तर मिशी आणखीच गुलाबी! शेजारच्या टेबलावर एका बाईंनी ओठ टिपले, तर लाली हनुवटीपर्यंत उतरली. पलीकडे एक डॉक्टर, त्यांच्या पलीकडे त्यांची सासू... जिकडे पाहावं तिकडे लोक हसत होते आणि सगळ्यांची तोंडं चार विडे खाल्ल्यासारखी!

केतकीची तर मतीच गुंग झाली. तिनं बाटली उजेडात धरली, हुंगली, लेबल वाचलं. “सर, ही व्हाइट वाइन आहे. हिनं ओठ लाल कसे होतील?”

“नैचुरल होगी!” डॉक्टर कौतुकानं म्हणाले. “नैचुरल चीज़ रंग छोड़ती ही है. एक और देना.”

मी स्टॉलकडे पाहिलं. नलू एका गिऱ्हाइकाला ओढणी दाखवत होती, तिला अजून काही कळलेलं नव्हतं. चादरी, परदे, सगळा रिसॉर्ट माझ्या डोळ्यांपुढून वाहून जायला लागला. काहीतरी करायला हवं होतं! आणि मला सुचलं. सगळ्यांनीच लाल वाइन घेतली, तर लाल ओठांचं कुणाला काय वाटणार? मी लाल वाइनची बाटली उचलली आणि दिसेल त्या पांढऱ्या वाइनच्या ग्लासात ओतत सुटलो.

“काका! काका, ती शार्दोने आहे!” केतकी ओरडली.

“असू दे गं, तिला काय होतंय!”

पाहुणे खूश झाले. शुक्लाजी मात्र धावत आले. “भाई साहब, ये आप क्या कर रहे हैं?”

“सेवा!”

मग मी दुसरी मोहीम उघडली, नॅपकिन जप्तीची. “माफ़ कीजिए, बदलना है,” म्हणत मी लोकांच्या मांडीवरचे ओले नॅपकिन ओढून झब्ब्याच्या खिशात कोंबायला लागलो. झब्बा पांढरा होता. (होता.) खिशांपासून लाल ओघळ खाली निघाले. घाबरून मला घाम फुटला, तो मी खिशातल्याच नॅपकिननं पुसला. म्हणजे आता सबंध महोत्सवात सर्वांत लाल तोंड कुणाचं असेल, तर ज्यानं काहीच घेतलेलं नव्हतं त्याचं!

नेमकी तेव्हाच नलूनं मान वर केली. तिला दिसलं ते असं: तोंड लालबुंद, एका हातात बाटली, आणि दुसऱ्या हातानं मी एका अनोळखी बाईंच्या मांडीवरून काहीतरी ओढतोय.

मुळेकाकांनीही ते पाहिलं. त्यांनी कपाळावर हात मारला, तेवढ्यात समोरच्या काचेत त्यांना स्वतःची मिशी दिसली आणि ते नॅपकिननंच तोंड झाकून जे पळाले, ते थेट फाटकाबाहेर.

जेवण सुरू झालं. पहिला पदार्थ भुट्ट्याचा कीस, तो चमच्यानं खाल्ला म्हणून थोडक्यात निभावलं. दुसरा दाल-बाफले, म्हणजे डाळ आणि कणकेचे उकडून भाजलेले गोळे. आता बाफला कुणी चमच्यानं खातं का? मालव्यातल्या माणसानं तुपात बुडवलेला बाफला हातानंच कुस्करायचा. तूप कोपरापर्यंत आलं, आणि हात धुवायला लिंबाच्या फोडी टाकलेलं कोमट पाणी वाटीवाटीतून आलं. कोमट! लोकांनी बोटं बुडवली, नॅपकिनला पुसली, परत बुडवली, परत पुसली. टेबलांच्या पांढऱ्या चादरींवर लाल पंजे उठले. दीडशे जणांनी मिळून कुणाचा तरी मुडदा पाडलाय आणि मग शांतपणे जेवायला बसलेत, असा एकूण देखावा!

“बाफल्याबरोबर आपण रोझे घेणार आहोत,” केतकी माइकवर म्हणाली. “हिचा फिकट गुलाबी रंग बघा...” आणि थबकली. कारण टेबलावर ग्लासातही फिकट गुलाबी होतं आणि वाटीतही फिकट गुलाबी होतं. ती आळीपाळीनं दोन्हीकडे बघत राहिली.

डॉक्टरांनी मात्र संकोच केला नाही. त्यांनी हात धुवायची वाटी उचलली, गोल फिरवली, डोळे मिटून वास घेतला. “वाह! इसमें नींबू की ख़ुशबू है!”

वाटी त्यांच्या ओठांना लागणार, तोच मी झडप घातली. “मत पीजिए! ये मेरी बीवी का है!”

नलू शांतपणे चालत आली. तिनं माझ्या खिशातून एक नॅपकिन काढला, त्याचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवलं. लाल रेघ सरळ तळापर्यंत गेली.

“अहो, दोन पाणी काढली होतीत ना?”

“म्हणजे... बुडवले होते.”

“मीठ?”

“घातलं होतं.”

“किती?”

“चवीपुरतं.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरले आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली, की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तीन वर्षांनी परक्या माणसानं तिच्यावर विश्वास टाकला होता, आणि तो मी दहा मिनिटांत बुडवून दोरीवर वाळत घातला होता.

मग तिनं पदर खोचला आणि केतकीच्या हातून माइक घेतला.

“नमस्कार. आपके मुँह पर जो लाल है, वो वाइन नहीं, मेरे नैपकिन का रंग है. भैरवगढ़ का काम पक्का है, पर उसके दो पानी निकालने पड़ते हैं. वो निकले नहीं. ग़लती मेरी है, मैंने काम इनको सौंपा.” दीडशे लाल तोंडं माझ्याकडे वळली. “साबुन से उतर जाएगा. सारे नैपकिन मैं ले जाती हूँ, आठ दिन में धोकर लौटाऊँगी.”

लाल हनुवटीच्या बाईंनी शेजारणीकडे पाहिलं, शेजारणीनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि दोघी खदखदून हसायला लागल्या. पाठोपाठ सगळेच! मोबाइल निघाले, फोटो सुरू झाले. “वापस क्यों, मैं तो घर ले जाऊँगी,” त्या बाई म्हणाल्या. डॉक्टर तेवढे गंभीर होते. “वो सब ठीक है, पर नींबू वाली कौन-सी थी?”

दुसऱ्या दिवशी शुक्लाजींचा फोन आला. मी कानात बोटं घालून बसलो होतो, पण नलूचा चेहरा हळूहळू फुलत गेला. चादरी आणि परदे, दोन्हींची ऑर्डर पक्की! अट एकच, हर पीस गीला करके, पोंछ के दिखाइए. और पोंछेंगे भाई साहब ख़ुद.

तेव्हापासून मी कामाला लागलोय. आमच्याकडे मीठ आता पोत्यानं येतं. रोज सकाळी सात वाजता पांढरा बनियन घालून मी व्हरांड्यात बसतो, धुतलेल्या प्रत्येक कापडाचं ओलं टोक घेऊन ओठ खसाखसा पुसतो आणि तोंड पुढे करतो. नलू चष्मा लावून माझे ओठ निरखते, म्हणते, “पास,” आणि मगच तो माल बाहेर पडतो. चौतीस वर्षं मी लोकांचे कागद तपासले, आता माझं तोंड तपासलं जातं.

परवा असाच ओठ पुसत बसलो होतो, तर फाटकाशी मुळेकाका उभे. मिशी सफाचट! (मंडळात ‘उन्हाळा फार आहे’ असं कारण सांगितलंय. जानेवारीत.) माइकवरचं त्यांनी काही ऐकलेलंच नाही, त्याआधीच पळाले होते ना. मला ओठ पुसताना बघून त्यांनी खिन्नपणे मान हलवली.

“अरे वसंता, सकाळी सकाळीच?”

“काका, देवाशपथ, हे नुसतं मिठाचं पाणी आहे हो!”

“असणारच रे,” मुळेकाका हळहळत म्हणाले. “सोबत काहीतरी खारट लागतंच.”