जुळलेला भाऊ

नायजेरियात, एनुगूच्या ज्या शाळेत मी शिकवते, तिथेच उझोआमाका गणित शिकवायची. तिला रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या कुणाच्या तरी मूळपेशी घालाव्या लागतील, आणि जुळण्याची आशा सगळ्यात जास्त सख्ख्या भावंडाकडूनच. तपासणी साधी. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची.

तिचा थोरला भाऊ ओक्वुडिली, तिचा देदे, व्यापारी संघाच्या अध्यक्षपदाला उभा होता. त्याने ती काडी चर्चमध्ये, प्रार्थनेनंतर सगळ्यांदेखत फिरवून घेतली. आधी काही खाऊ नका म्हणून बजावलं होतं, तरी हा सुपारीसारखी कोलाची बी चघळत आला. काडी तांबूस, चिकट निघाली. नर्सने चूळ भरायला लावली आणि बराच वेळ थांबवून ठेवलं, तोवर फोटोवाला खोळंबला. माझ्या शेजारी उझोआमाका रुमालाने तोंड दाबून बसली होती.

पेशी पूर्ण जुळल्या. बहिणीला जीवदान देणारा नेता म्हणून त्याचे फलक लागले, तो निवडून आला, आणि मग त्याला फुरसतच मिळेना. शेवटी म्हणाला की हाडातलं पाणी काढलं की पुरुष पोकळ होतो.

"देदे, हाडाला हातही लावत नाहीत. दंडाच्या शिरेतून घेतात," ती म्हणाली.

"तुला सांगायला काय जातंय? मी आडवा पडलो तर माझी पोरं काय तुझे रिपोर्ट खातील?"

आणखी एक बहीण होती, न्वाकाएगो. घरात तिचं नाव काढत नसत. तिने ओसूंच्या घरात लग्न केलं होतं. पूर्वी देवाला वाहिलेल्या माणसांचे ते वंशज. त्यांच्याशी सोयरीक म्हणजे कुळाला बट्टा. तपासणीच्या वेळी ओक्वुडिलीने नर्सला सांगितलं होतं की आम्ही दोनच भावंडं. उझोआमाकाला ते ऐकू गेलं होतं, तरी ती काही बोलली नव्हती.

उझोआमाकाला घेऊन मी न्सुक्काला, त्या बहिणीकडे गेले. न्वाकाएगोने सगळं ऐकून घेतलं.

"माझ्या हातचं पाणी तुम्हाला चालत नाही. रक्त चालेल?"

"मी त्या दिवशी गप्प बसले," उझोआमाका म्हणाली. "देदेची किळस येते, पण माझी मला त्याहून जास्त येते."

न्वाकाएगो बराच वेळ अंगण झाडत राहिली. मग केरसुणी टेकवून म्हणाली, "काडी कुठे फिरवतात ते दाखव."

तीही जुळली. लागोसला मूळपेशी घातल्या. तोंडभर फोड, ओकाऱ्या, गळलेले केस. उझोआमाका जवळजवळ वर्षभराने माणसांत आली.

त्यानंतरच्या कुळाच्या बैठकीत ओक्वुडिलीने तिचं ताट वेगळं वाढायला सांगितलं. अंगात ओसूंच्या घरचं रक्त आहे म्हणे. वडीलधारी खाली बघत जेवत राहिली.

"ते आपल्या आईबापाचं आहे," ती शांतपणे म्हणाली. "तुझ्या गालातही तेच निघालं होतं." आणि न जेवता उठली.

आता ती न्सुक्काला, बहिणीच्या शेजारीच राहते. सणाला भावाकडून रस्सा येतो. झाकण काढलं की तिला उमळून येतं. औषधांचा परिणाम असेल, मी म्हटलं.

"औषधं केव्हाच संपली," ती म्हणाली आणि भांडं कुत्र्यापुढे ठेवायला निघून गेली.