डोह बुजणार नाही, असं मी म्हणून बसले

जे आपल्या हातात नाही ते बोलून बसलं की झोप कशी उडते, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं.

मन्याड नदीवरचा जुना बुटका पूल पाडून तिथं नवा उंच पूल होणार होता. गावकऱ्यांना विश्वासात घ्यायला कंत्राटावर नेमलेली 'समन्वयक' म्हणजे मी. पहिल्याच बैठकीत मागून कोणीतरी विचारलं, "पुलाखालचा डोह बुजवनार न्हाईत ना?" दुष्काळात नदीत तेवढंच पाणी उरलं होतं, गावची सगळी जनावरं त्याच्यावर. मी ठणकावून म्हणाले, "अजिबात नाही!" वर ते इतिवृत्तातही लिहिलं. पूल होईपर्यंतचा वळणरस्ता कुठून जाणार, हेसुद्धा मला तेव्हा माहीत नव्हतं!

त्या कामाचे सगळे कागद ऑफिसात जमा झाले. किस्से मात्र कोणी जमा करून घेतले नाहीत. ते माझ्याकडेच साठलेत.

*

इंजिनिअर साहेबांनी शाळेच्या भिंतीवर मोठा रंगीत नकाशा लावला. बचत गटाच्या कांताबाई अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"ही निळी पट्टी काय हो साहेब?"

"नदी."

"पानी हाय व्हय तिच्यात?"

"हो, म्हणून तर निळी!"

कांताबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, साहेबाला इचारा, कोनत्या सालचा नकाशा हाय म्हनावं."

*

नवा जिल्हा होणार, ही चर्चा तेव्हा प्रत्येक टपरीवर होती. कोण म्हणे नदीपलीकडचा भाग त्यात जाणार, कोण म्हणे आपला. आपण पुलावर बोलायला जावं आणि गाडी जिल्ह्यावर यावी!

नामदेवराव हे गावातले जाणते. ते म्हणाले, "पूल झाला आन् मंग जिल्हा झाला, तर अर्धा पूल हिकडं, अर्धा तिकडं. मधी कोनी पडला तर पंचनाम्याला तहसीलदार कोनता बोलवायचा?"

मी म्हणाले, "विचारून सांगते." आणि खरंच ऑफिसात विचारलं! तिथल्या साहेबांनी माझ्यासाठी पाणी मागवलं.

*

माझी मुलगी मुक्ता तेव्हा साडेचार वर्षांची. अंगणवाडीला सुट्टी, त्यामुळे तीही ड्युटीवर. डोक्याला ओला रुमाल, गळ्यात पाण्याची बाटली. डोहापासून दहा पावलं लांब राहायचं, असं मी तिला दिवसातून वीस वेळा बजावायचे. दहा म्हणजे किती, हे तिला कळत नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

*

झाडांचा घोळ तर शंभर टक्के माझा.

तोडायच्या झाडांना आधी गेरूचा पट्टा मारून नंबर टाकतात. लोक नाराज झाले. मी माईक घेतला. "काळजी करू नका! नंबर पडलेल्या प्रत्येक झाडाची जबाबदारी प्रकल्पाची!" मला म्हणायचं होतं, एक तोडलं की पाच लावणार. तेवढंच सांगायचं राहिलं.

आठ दिवसांनी साहेब आणि मी गेलो, तर तेवीस नंबरांचे एकाहत्तर झालेले! लिंब, चिंच, बाभळी, सगळ्यांना गेरू. गावाने घरचा ब्रश आणून नंबर पुढे चालवले होते. एकाहत्तरावा नंबर विजेच्या खांबावर.

"नामदेवराव, खांबाला कशाला टाकला नंबर?" मी विचारलं.

"दोन वर्सं झाली, लाईट न्हाई त्याला. त्याची बी जबाबदारी कोनी घेत असंल, तर बघावं म्हनलं!"

साहेब मला म्हणाले, "मॅडम, आता यातली तोडायची कोणती?"

*

पर्यावरणाच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता : 'नदीपात्रातील जलचर'. मी कोरड्या पात्रात तासभर हिंडले. शेवटी कांताबाईंना विचारलं, "पाण्यात दिवसभर कोण असतं?"

"म्हशी."

मी लिहिलं. खाली संख्याही लिहिली. फॉर्म पास झाला!

*

आणि मग वळणरस्त्याची आखणी करायचा दिवस आला. चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ सरळ डोहात शिरली. निम्मं गाव काठावर उभं.

साहेब म्हणाले, "डोह कुठाय इथं? माझ्या नकाशात 'खड्डा' लिहिलंय. गुडघाभर पाणी. चार ट्रॅक्टर मुरूम टाकला की विषय संपला."

कांताबाईंनी मान माझ्याकडे वळवली. "ताई, तुमी म्हनला होतात."

"हो... म्हणजे नाही... म्हणजे मी म्हणाले होते, पण मला तसं कोणी सांगितलं नव्हतं."

"मॅडम," साहेब म्हणाले, "तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने?"



"त्यांला काय इचारता?" कांताबाई कडाडल्या. "मोजा की! मोजायचंच काम हाय ना तुमचं?"

खात्यात मोजणीची पट्टी धरणाऱ्याला खलाशी म्हणतात, समुद्र कितीही लांब असो. आमचे खलाशीमामा रिटायरमेंटला आलेले. त्यांनी काठावरच्या खडकावरून ती लांबलचक, आकडे रंगवलेली पट्टी पाण्यात सोडली. एकेक आकडा बुडायला लागला. मामा वाकले, मग बसले. मग खडकावर पालथे झोपले. कोपर बुडालं, मग खांदा.

"लागला का तळ?"

"न्हाई साहेब."

"नीट धरा ना!"

"धरलीय साहेब! आता मीच जाऊन राहिलो आत!"

साहेबांनी एकदा नकाशाकडे बघितलं, एकदा पाण्याकडे. माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं. मुक्ता माझा हात सोडून त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या शर्टाचं टोक ओढत म्हणाली,

"काका, तुमची पट्टी संपली."