आंघोळीच्या दाराशी माझी खुर्ची

बाळांनो, नियम मला आवडतात हे तुम्हाला माहीत आहे. सुट्टीत आलात की चपला ओळीत लावल्याशिवाय मी तुम्हाला आत घेत नसे. म्हणून कळंबजवळच्या या छोट्या वृद्धनिवासात माझं बरं चाललं होतं. वेळेवर चहा, वेळेवर गोळ्या. पण गेल्या पावसाळ्यात इथल्या एका नियमाने माझ्या खोलीतल्या बाईंना जवळजवळ उपाशी मारलं. तो राग अजून गेलेला नाही.

या बाई डोंगरातल्या आहुपे गावच्या. जन्म भाताच्या खाचरात गेला. कंबर मोडली म्हणून मुलाने इथे आणलं, नवरा गावीच. सकाळी घडलेलं त्यांना दुपारी आठवत नाही. मंगळसूत्र मुलाने पहिल्याच दिवशी घरी नेलं, सोनं इथे नको म्हणून. उरल्या होत्या हातातल्या हिरव्या बांगड्या.

एकदा आंघोळ घालताना त्यातली एक वाढली आणि काम करणाऱ्या मुलीचं बोट कापलं. मॅनेजरने लगेच नियम केला: काच कुणाच्याही अंगावर नको. बाईंच्या हाताला साबण लावून सगळ्या बांगड्या उतरवल्या. मी तेव्हा खाली व्यायामाला गेले होते. परत आले तर त्या कुंकू पुसून बसलेल्या.

"धनी गेला, बाई," त्या म्हणाल्या. "मला कुणी कळवलं बी न्हाई."

ताट तसंच परत गेलं. दुसऱ्या दिवशीही.

"आजी, संध्याकाळपर्यंत विसरतील त्या," मॅनेजर मला म्हणाला. विसरत होत्या, खरं आहे. पण दर वेळी हाताकडे लक्ष गेलं की नवरा नव्याने मरत होता.

मग त्याने गावी व्हिडिओ कॉल लावला. फोनमध्ये म्हातारा ओरडत होता, "आगं, जेव की!" बाईंनी फोनच्या काचेवरून बोट फिरवलं.

"फोटू चांगला काढलाय," म्हणाल्या.

मॅनेजर हसला. ते हसू मी त्याला माफ केलेलं नाही.

तुमचा बाबा फोनवर म्हणाला, "आई, तू त्यात पडू नकोस." मी पडले. मॅनेजरला आधी इंग्रजीत सुनावलं, कारण इंग्रजी ऐकलं की तो खुर्चीत सरळ बसतो. मग मंचरहून कासारीण बोलावली. बाईंनी हात मागे घेतला.

"रंडक्या बाईला बांगड्या भरतीस व्हय? जा तू."

उतरवायला साबण पुरला होता. परत चढवायला नवराच लागणार होता. वडिलांना घेऊन या, असं सांगायला मी त्यांच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "लावणी चालू हाय, आजी. आठ दिवसांनी आणतो."

"आठ दिवसांनी आणायचं काम नाही," मी म्हटलं. "तेव्हा आईला न्यायलाच या."

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारा आला, पायाला चिखल तसाच. मी कासारणीला पुन्हा बोलावून ठेवलं होतं. बाई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"हायसा व्हय तुमी? मग माझं हात कुणी उघडं केलं?"

"म्या न्हाई केलं. म्या आजून मेलोच न्हाई."

"मग मला असं का वाटाया लावलं या लोकांनी?"

म्हाताऱ्याने बायकोचा हात आपल्या हातात धरला आणि कासारणीपुढे केला. बांगड्या भरून झाल्या, तेव्हा बाईंनी भाकरी मागितली. अर्धी खाल्ली, अर्धी त्याला दिली. "लई वाळलासा," म्हणून वर बोलणीही.

तो गेल्यावर मॅनेजर दारात आला. "आजी, आंघोळीला तरी काढाव्या लागतील. नियम आहे."

"मनगटाला पंचा गुंडाळा," मी म्हटलं. "कुणाचं बोट कापणार नाही."

तो "बघू" म्हणाला. त्याच्या 'बघू'वर माझा विश्वास नाही. म्हणून रोज त्यांच्या आंघोळीच्या वेळी मी बाथरूमच्या दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसते. आत बांगड्या वाजत असल्या की वाचत राहते. आवाज थांबला की उठते.