आत्याबाईंचे रिकामे हात

लग्न होऊन मी जळकोटला आले ती डिसेंबरात, आणि घरात पाऊल टाकून महिना होत नाही तोच माझी माहेरची हिरवी शाल गमावून बसले. चोरीबिरी झाली नव्हती. दान झालं होतं.

आमच्या घरी तेव्हा तीनच माणसं. मी, माझे मालक आणि मालकांच्या आत्याबाई. मालक गावच्या शाळेत मास्तर होते. आत्याबाईंनी उभा जन्म नर्स म्हणून काढला होता, निजामाच्या काळात आणि नंतरही. गावातली जुनी माणसं दवाखान्याला अजून शफाखाना म्हणायची आणि आत्याबाईंना सिस्टरबाई. लवकर विधवा झालेल्या, मूलबाळ नाही, नोकरी संपल्यावर भाच्याकडं राहायला आलेल्या. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. आमचं देऊळ, म्हणजे चर्च, सोलापूरला, त्यामुळं नाताळच्या उपासनेला एसटी पकडून जावं लागायचं. पण नाताळ सुरू व्हायचा तो आमच्या ओट्यावर, आत्याबाईंच्या पत्र्याच्या ट्रंकेपासून.

डिसेंबर लागला की त्या ट्रंक माजघरात आणून उघडी ठेवायच्या. घरातल्या प्रत्येकानं तिच्यात काहीतरी टाकायचं. नाताळच्या आधीच्या रविवारी ओट्यावर कागदाची चांदणी लागायची, ट्रंक बाहेर यायची आणि गल्लीतल्या बायाबापड्यांना वाटप व्हायचं. इथवर सगळं सोपं होतं. खरी गोम होती ती आत्याबाईंच्या नियमात.

"फाटकंतुटकं चालायचं नाही," त्या म्हणायच्या. "नको असलेलं देणं म्हणजे अंगण झाडणं. आपल्याला आवडतं तेच द्यायचं."

आणि आपल्याला काय आवडतं ते आपल्यापेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक. मी नवी नवरी, शहाणपणानं एक कोरा टॉवेल ट्रंकेत ठेवला. आत्याबाईंनी तो दोन बोटांत धरून पाहिला आणि विचारलं, "सूनबाई, हा टॉवेल नसला तर झोप येईल ना तुला?" म्हटलं, येईल. "मग तो राहू दे. शाल आण." मालकांनी तर मला आधीच सांगून ठेवलं होतं की डिसेंबरात आवडत्या वस्तूकडं बघून हसायचं नाही, आत्या बघत असतात. त्यांचं फाउंटन पेन असंच गेलं होतं. ते ज्याला मिळालं तो रोज खिशाला लावून शाळेवरून जायचा आणि हे वर्गाच्या खिडकीतून सुस्कारे सोडायचे.

स्वतः आत्याबाईंचं या बाबतीत बरं होतं. त्यांना काही आवडतच नव्हतं. दोन लुगडी, एक चष्मा, एक बायबल. कुणी काही दिलं तर घ्यायच्या नाहीत. दिवाळीला शेजारून फराळाचं ताट आलं की त्याच ताटात दुपटीनं काहीतरी घालून ते परत जाईपर्यंत त्यांना घास गिळायचा नाही. देण्याचा त्यांना कैफ होता म्हणा ना. दारू पिणाऱ्याला लोक समजावतात तरी, दान करणाऱ्याला कोण समजावणार?

समोरच्या घरात एक धनगरीण राहायची. हातभर हिरव्या बांगड्या, आवाज असा की मेंढरं काय, रस्त्यावरची एसटीसुद्धा थांबावी. हायवेपलीकडं त्यांची थोडी जिरायत जमीन होती आणि मेंढरांचा कळप. तिचा थोरला मुलगा आडवा आला होता तेव्हा आत्याबाईंनी तिला सोडवलं होतं. ते उपकार फेडायचे म्हणून ती कधी लोणी आणायची, कधी शेंगा. दर वेळी आत्याबाई हसून परत पाठवायच्या. "पोराला घाल," म्हणायच्या. पोरगा तोवर मिसरूड फुटून तालमीत जायला लागला होता.

माझ्या तिसऱ्या नाताळाची ही गोष्ट. डिसेंबर लागला आणि एका सकाळी ती घोंगडी घेऊन आली. कोरी, काळीभोर, काठाला पांढरी रेघ. घरच्या मेंढरांची लोकर तिनं वर्षभर साठवून, कातून, सणगराकडून विणून आणली होती. आत्याबाईंना थंडीत खोकला व्हायचा, तो तिला समोरच्या घरी ऐकू जायचा.

"बाई, ही तुमाला," ती म्हणाली.

आत्याबाईंनी घोंगडी हातात घेतली. मी श्वास रोखून बघतेय, घेतात की काय! त्यांनी तिच्यावरून हात फिरवला, चेहरा खुलला, आणि म्हणाल्या, "किती छान विणलीय गं! एखाद्या गरिबाला हिवाळाभर ऊब होईल." आणि समोर उघड्या असलेल्या ट्रंकेत ठेवून दिली.

त्यांच्या मनात पाप नव्हतं. त्यांच्या हिशेबी त्या घोंगडीचा याहून मोठा मान नव्हताच.

धनगरणीनं ट्रंकेकडं पाहिलं. मग वाकली, घोंगडी बाहेर काढली आणि नीट घडी घातली.

"गरिबाला द्यायची आसती तर म्या बी दिली आसती, बाई," ती म्हणाली. "मला बी हात हायती. म्या ही तुमाला आणली व्हती."

आणि गेली. तिचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता.

रविवार आला. चांदणी लागली, ट्रंक ओट्यावर आली, आत्याबाई इस्त्रीचं लुगडं नेसून शेजारी बसल्या. मी करंज्यांचं पातेलं घेऊन तयार. ऊन भिंतीवरून ओट्यावर उतरलं तरी कुणी आलं नाही. घोंगडीची गोष्ट गल्लीभर झाली होती. बाया समोरून जात होत्या, हांडे-कळशा घेऊन मुद्दाम जात होत्या म्हटलं तरी चालेल, आणि प्रत्येकजणी थांबून "बरं हाय न्हवं, बाई?" असं विचारून पुढं जात होती. एका म्हातारीला आत्याबाईंनी हाक मारली, तेव्हा ती म्हणाली, "न्हाय बाई, औंदा आमास्नी काय कमी न्हाय." तिच्या लुगड्याला चार ठिगळं होती.

दुपारी मालक बाहेर आले. भरलेली ट्रंक बघून म्हणाले, "आत्या, पंचवार्षिक योजना फळाला आली म्हणायची. गावात गरीबच उरला नाही."

मी हसले. मग आत्याबाईंकडं पाहिलं आणि हसू गिळलं. त्यांचे डोळे भरले होते. त्या वेळी मला पहिल्यांदा कळलं की ही ट्रंक म्हणजे आमच्या थट्टेचा विषय असली तरी त्यांचा सगळा संसार होता. नवरा नाही, पोर नाही, नोकरी संपलेली. लोकांनी घेणंच बंद केलं तर या बाईनं उद्या सकाळी उठायचं कशासाठी?

"मी काय वाईट बोलले गं?" त्यांनी मला विचारलं.

मी सून. सुनेनं बोलू नये हे मला कळत होतं. पण बोलले. "आत्याबाई, तुम्ही आजवर कुणाकडून काय घेतलंत?"

"काही नाही," त्या लगेच म्हणाल्या, अगदी ताठ मानेनं. मग ती मान हळूहळू खाली आली. ट्रंक आम्ही भरलेलीच आत नेली.

त्या साली येळवस नाताळच्या तोंडावर आली होती. आमच्या भागात हा दिवाळीच्या तोडीचा सण. मार्गशीर्षातल्या अमावास्येला गाव ओस पडतं आणि शेतं माणसांनी भरतात. ज्याला शेत आहे तो शेतात जेवतो आणि ज्याला नाही त्याला कुणीतरी आपल्या शेतात नेतं. मास्तरांना तर बोलावणी इतकी यायची की लग्नसराई बरी. आम्ही दोघं दर वर्षी जायचो. आत्याबाई मात्र कधीच नाही. दुसऱ्याच्या शेतात बसून खायचं म्हणजे घेणंच की ते.

आदल्या संध्याकाळी धनगरीण आमच्या दारात आली. उंबऱ्याच्या आत आली नाही.

"वैनी, उंद्या समद्यांनी शेतात यायचं," ती मला म्हणाली. आत्याबाई आत खाटेवर बसल्यात हे तिला दिसत होतं, तरी बोलत होती माझ्याशी. "बाईस्नी बी सांगा. सणाला रुसवा धरायचा न्हाय. पर यायचं तर रिकाम्या हातानं या म्हणावं."

रात्रभर घरात खोकला आणि कूस बदलणं चाललं होतं. सकाळी आत्याबाई लुगडं नेसून तयार. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर ओच्यात काहीतरी खडखडलं. बिस्किटांचा पुडा निघाला.

"तिच्या धाकटीसाठी गं," त्या म्हणाल्या.

मी पुडा काढून घेतला. चष्म्याच्या पिशवीत तापाच्या गोळ्या निघाल्या. "कुणाला ताप आला तर?" मी म्हटलं, येऊ दे. कमरेला सोलापुरी केकचा एक तुकडा रुमालात बांधलेला होता, त्याचा तर चुराच झाला होता. मालक दारात उभे राहून पोट धरून हसत होते. म्हणाले, "जकात नाक्यावर सुद्धा एवढी झडती घेत नाहीत."

अखेर निघालो. वाटेत बघते तर आत्याबाईंना हातांचं काय करावं तेच कळेना. कधी पाठीमागं बांधायच्या, कधी पदर चाचपायच्या. आयुष्यभर त्या हातांत दुसऱ्याला द्यायचं काहीतरी होतं. आज ते मोकळे होते आणि म्हातारीला चालताना तोल सांभाळावा लागत होता.

शेतात हरभरा गुडघ्याला लागत होता. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप, म्हणजे छोटीशी झोपडी केलेली, आत पूजा मांडलेली. आणि कोपीवर पांघरलेली ती काळी घोंगडी. आत्याबाईंनी ती पाहिली आणि नजर खाली घातली.

पूजा चालू असताना आम्ही तिघं जरा बाजूला बाभळीखाली उभे राहिलो. घरधनी आंबील शिंपडत पिकाला फेरी घालून आला. कुणी आम्हाला पुढं या म्हटलं नाही, कुणी मागं व्हा म्हटलं नाही. आमचा देव वेगळा आहे हे त्यांना माहीत होतं आणि भूक सारखीच आहे हेही.

पंगत बसली. भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, आंबील, गव्हाची खीर. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. ओल्या शेंगांचे दाणे, पालेभाज्या, चिंच, बेसन असं सगळं रानच त्या पातेल्यात शिजलेलं असतं. आत्याबाई वाढायला उठल्या. धनगरीण म्हणाली, "बसा." पुन्हा उठल्या. "बसा म्हणलं न्हवं?" पंगतीत हशा पिकला. आत्याबाई बसल्या आणि मान खाली घालून जेवू लागल्या. ती शेजारून पातेलं घेऊन जात-येत होती, पण त्यांना आग्रह करत नव्हती. सगळ्यांना करत होती, त्यांना नाही.

आत्याबाईंची भज्जी संपली. त्यांनी पानात बोट फिरवलं. मी बघत होते, मालक बघत होते, पातेलं हातात धरून तीही बघत होती. आत्याबाईंचा चेहरा लाल झाला होता. जन्मात कधी न म्हटलेलं वाक्य होतं ते, घशातून सहज कसं निघेल?

"भज्जी," त्या म्हणाल्या, "अजून आहे का गं थोडी?"

धनगरणीनं पळीवर पळी त्यांच्या पानात ओतली. चार माणसांना पुरेल एवढी. डोळे पुसायला तिचे हात मोकळे नव्हते, म्हणून खांद्यानंच गाल पुसला आणि ओरडली, "हाय की बाई! लई हाय! समद्या गल्लीला पुरंल एवढी हाय!"

सांजेला वारा सुटला. आत्याबाई खोकल्या. ती उठली, कोपीवरची घोंगडी ओढली, झटकली आणि त्यांच्या खांद्यावर टाकली. आत्याबाईंचे हात ती काढायला वर आले. निम्म्यावर थांबले. मग त्या हातांनी घोंगडी गळ्याशी आवळून घेतली.

"टोचतीय गं," त्या म्हणाल्या.

"टोचंलच. लोकर हाय, मलमल न्हाय."

नाताळच्या आदल्या दिवशी आम्ही ट्रंक परत ओट्यावर काढली. सगळ्यात पुढं तीच आली आणि ठाण मांडून बसली. "दावा बगू औंदा काय काय हाय," म्हणाली. एक लुगडं रंग पटत नाही म्हणून बाजूला सारलं, एक परकर आखूड म्हणून नाकारला, आणि शेवटी धाकटीसाठी लाल स्वेटर घेतलं. ते मी दोन महिने खपून विणलं होतं, पण ते असो. तिच्यामागं अख्खी गल्ली लोटली. आत्याबाई कुणाशी हुज्जत घालत होत्या, कुणाला माप लावून बघत होत्या. इतक्या खूश मी त्यांना नंतरही कधी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या देवळात त्या घोंगडी पांघरूनच बसल्या, आणि पूर्ण उपासनाभर आमच्या बाकाला मेंढरांचा वास येत होता.

हिवाळाभर त्यांची तक्रार चालू होती. घोंगडी टोचते, जड आहे, मानेला पुरळ येतं. आम्ही ऐकत होतो.

पुढच्या डिसेंबरात ट्रंक उघडली, तेव्हा माझ्या हिरव्या शालीची मला आठवण झाली आणि अंगात खोडी शिरली. मी म्हटलं, "आत्याबाई, नियम म्हणजे नियम. आवडती वस्तू. यंदा घोंगडी ना?"

मालक पेपराआडून हसले. आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग ट्रंकेकडं पाहिलं. उठून खाटेवर गेल्या, घोंगडी मांडीवर ओढून घेतली आणि लहान मुलीसारखा तिच्यावर हात ठेवला.

"ती नाही," त्या म्हणाल्या. "ती माझी आहे."