कार्बनची काठी आणि मामाचा बांबू

हसणार नसाल तर सांगते. नाही, तुमच्या चेहऱ्यावरूनच दिसतंय, हसणारच आहात. असू दे. अख्खी वाडी हसली, त्यात तुम्ही चार जास्त!

तर मी मुळातच भित्री. कुकर मीच लावलेला असतो, शिट्टी होणार हे मलाच माहीत असतं, तरी शिट्टीला दचकते. त्यात शिकले फिजिक्स. म्हणजे आधी नुसती घाबरायचे, आता कारणांसकट घाबरते.

माझा मामा राजापूरकडच्या नाटे गावात राहतो. सगळा जन्म बोटीवर गेला, आता उजवा खांदा धरलाय म्हणून घरी. पण सांज झाली की धक्क्यावर बसून खाडीत गळाची गरी टाकणार म्हणजे टाकणार. काठी कसली, तर चौदा फुटी बांबू, मामीच्या चुलीवर धुरात टांगून पक्का केलेला. पाण्यावर तरंगायला बोया म्हणून जुन्या स्लिपरचा तुकडा. तो बुडाला की समजायचं, मासा लागला. मग तो बांबू उचलताना मामा असा कण्हायचा, की गळाला लागलेल्या माशालासुद्धा वाईट वाटत असेल.

डॉक्टर म्हणाले, जड उचलू नका. मामा म्हणाला, "काटी जड नाय. डॉक्टर हलका हाय."

म्हणून रत्नागिरीला नोकरी लागल्यावर मी पहिल्या पगारातून मामासाठी नवी काठी घेतली. कार्बनची! एकात एक सरकणाऱ्या नळ्या. ओढली की सोळा फूट, दाबली की पिशवीत. वजन ताटातल्या दोन बांगड्यांएवढं. आणि बोया असा लाल-पिवळा रंगवलेला, की देवघरात ठेवावा.

मामाने ती हातात घेतली, हलवली आणि परत दिली.

"छत्रीचा दांडा हाय गो ह्यो. बांगडासुदा मोडंल."

"मामा, एकदा वापरून तर बघ ना!"

"माजा बांबू माज्यावानी म्हातारा झाला, म्हणून टाकू?"

माझा पडलेला चेहरा बघून मामी मध्ये पडली. "अवो, पोरीनं पयल्या पगाराची आणलीय. तिचं मन कशाला मोडताव?"

मामा नरमला. "बरं. उद्या सांजचे दोघं बसू. तू तुजी काटी घे, मी माजी. तुज्या काटीनं मासा निघाला, तर ठेवीन. नाय तर ती घेऊन रत्नागिरीला जा."

झालं! आयुष्यात मासा फक्त ताटात पकडलेली मी, आणि मामाचा खांदा माझ्या हातात!

दुसऱ्या दिवशी मी काठीबरोबरचा कागद वाचून काढला. त्यात ठळक अक्षरांत सूचना: विजेच्या तारांजवळ वापरू नये. बरोबरच आहे, कार्बनमधून वीज जाते. ही सूचना दुसऱ्या कुणी वाचली असती तर विसरून गेलं असतं. मी पाठ केली.

धक्क्यावर बसले आणि वर बघितलं. बरोब्बर डोक्यावर, या खांबापासून त्या खांबापर्यंत, काळी वायर!

"मामा, वर वायर आहे."

"आसंल."

"माझी काठी कार्बनची आहे!"

"माजी बांबूची हाय," मामा अभिमानाने म्हणाला. "गप बस, मासे पळतील."

मी बसले. काठी इतकी खाली धरली, की टोक पाण्याला टेकायचं बाकी. बोया बघायचा असतो हे माहीत होतं हो! पण मी वायर बघत होते.

आणि हाताला असा सणसणीत झटका बसला, थेट खांद्यापर्यंत!

आता तुम्हीच सांगा. डोळे वायरीवर, हातात कार्बन आणि झटका! फिजिक्सवालीने काय समजायचं?

"शॉऽऽक! मामा, शॉक!"

ओरडले, पण भीतीने मुठी अशा आवळल्या, की काठी सुटेचना. ते बघून तर मामाची खात्रीच पटली.

"हात लावू नको रे कुणी!" मामा गरजला. शॉक लागलेल्या माणसाला सुक्या लाकडाने ढकलायचं, हे त्याला पक्कं ठाऊक. सुकं लाकूड हातातच होतं. त्याने बांबूचा बुंधा माझ्या कमरेला लावला आणि धक्क्यावरून होडी लोटावी तसं मला लोटलं.

भरतीची वेळ. मी गळ्यापर्यंत खाडीत!

इकडे मामी अंगणातून किंचाळली, "मेन बंद करा गोऽऽ!" ती हाक घराघरांतून पुढे गेली. पाच मिनिटांत वाडीतला एकूण एक दिवा, पंखा, टीव्ही बंद. गिरणीत कुणाचे तांदूळ अर्धे दळून राहिले. आणि सगळी माणसं धक्क्यावर!

मामाने बांबू पुढे केला, तो धरून मी वर आले. गारठलेली, तरी बोट वर. "आधी त्या वायरीचा करंट बंद करा!"

शेजारच्या सुलभाकाकींनी वर बघितलं. "ही? अगो, ही जुन्या केबलची. केबलवाला गेला, वायर ऱ्हायली. पाच वर्सं मी हिच्यावर परकर वाळत घालते!"

"मग... झटका?" मी विचारलं.

मामाने सावकाश खाडीकडे मान वळवली. पडताना हातातून सुटलेली माझी काठी एका होडीच्या दोरात अडकली होती, कमानीसारखी वाकून थरथरत होती.

मामाने बांबूने ती जवळ ओढली, डाव्या हाताने उचलली आणि न कण्हता हातभर लांब तांबोशी मासा बाहेर काढला. मग काठीवरून टोकापर्यंत नजर फिरवली.

"मोडली नाय गो," तो हळूच म्हणाला. "ठेवतो."

जिंकले की नाही? भिजलेल्या कपड्यांत मी नाचायचीच बाकी होते!

दुसऱ्या सांजेला मी ऐटीत धक्क्यावर गेले. मामा बसला होता, हातात नवी काठी. पण शेजारी तो बांबूही.

"मामा, आता हा कशाला आणलास? परत खांदा दुखवून घ्यायचाय?"

मामाने बोयावरची नजरसुद्धा काढली नाही.

"माशासाठी नाय आणला, बाय. म्हटलं, तू येशील."